वाचकांचे प्रश्न : पाच तारांचा बेस मागणीनुसार घडवून घेताना

प्रश्न (ठाणे) : मी सेहेचाळीस वर्षांचा असून नोकरी सांभाळून गेली अठरा वर्षे ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे फेंडर कंपनीच्या ‘जॅझ बेस’च्या नमुन्यावर बनवलेला चार तारांचा साधा बेस आहे. मुलीचे शिक्षण पूर्ण झाल्यामुळे आता साडेचार लाख रुपये केवळ वाद्यासाठी बाजूला काढता आले आहेत आणि त्यातून पाच तारांचा, मागणीनुसार घडवलेला बेस घ्यावा असे मनात आहे. एका परदेशी कारखान्याच्या यादीत लहरदार मेपलचा दर्शनी थर, वेंगे लाकडाची नेक (दांडी), एबनी लाकडाचा फिंगरबोर्ड (नेकवरची, बोटे दाबण्याची पट्टी) असे पर्याय पाहून मी हरखून गेलो. आपल्याकडील एक कारागीर निम्म्या किमतीत तसाच बेस करून देण्यास तयार आहे. तीन तास उभे राहून वाजवल्यावर माझा डावा खांदा दुखतो, हेही सांगून ठेवतो. लाकडे कोणती निवडावीत आणि काम कोणाकडे द्यावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगाचे वाक्य खांद्याविषयीचे आहे आणि सर्वांत कमी उपयोगाची आहे ती लाकडांची यादी. शिंप्याकडे गेल्यावर आपण आधी कापडाचा रंग पाहतो हे खरे, परंतु सदरा अंगाला बसतो तो मापांमुळे. तयार वाद्यांत न सापडणारी मापे आपल्या शरीराला आणि आपल्या कामाला बेतून घेता येतात, म्हणूनच मागणीनुसार वाद्य घडवण्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ असतो. ज्याला आपली मापे मिलिमीटरमध्ये आणि किलोमध्ये सांगता येत नाहीत, त्याने दुकानात जाऊन तयार बेस घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला ती अजून सांगता येत नाहीत. म्हणून क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न पाचव्या तारेचा. चार तारांच्या बेसवरील सर्वांत खालचा स्वर पेटीच्या भाषेत पांढरी तीनचा असतो, त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१. पाच तारांच्या बेसवर ती मर्यादा पांढरी सातपर्यंत, म्हणजे सुमारे ३१ कंपनांपर्यंत खाली जाते. ऑर्केस्ट्रात गाणी गायकाच्या पट्टीत वाजवावी लागतात, हे आपल्याला मी सांगायला नको. काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेला साथ करताना खर्जाचा षड्ज चार तारांवर व्यवस्थित मिळतो. पुरुष गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गाऊ लागला की मात्र तो षड्ज चार तारांच्या आवाक्याबाहेर जातो. आपण तो वरच्या सप्तकात वाजवतो आणि शेजारचा कीबोर्डवाला डाव्या हाताने खालचा स्वर दाबून आपली जागा घेतो. पाचव्या तारेच्या दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर (पडद्यावर) हेच दोन षड्ज मिळतात. तेव्हा गेल्या सहा महिन्यांच्या कार्यक्रमांची यादी काढून किती गाणी या दोन पट्ट्यांत होती ते मोजावे. दहांत एखादेच निघाले तर पाचवी तार ही चैन आहे. दहांत चार निघाली तर ती गरज आहे. मात्र ३५ कंपनांचा मूळ स्वर सभागृहातील सामान्य स्पीकरमधून फारसा बाहेर येत नाही. श्रोत्याला ऐकू येतात ते मुख्यतः त्या स्वराचे उपस्वर, आणि ते स्पष्ट येण्यासाठी तार योग्य ताणाखाली असावी लागते.

हा ताण ठरतो तारेच्या कंपन पावणाऱ्या लांबीवर, ज्याला वादक ‘स्केल’ म्हणतात. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा ही लांबी ३४ इंच ठेवली आणि आजही बहुतेक बेसना तीच असते. तीच तार त्याच स्वराला लावून लांबी ३५ इंच केली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो. पाचवी तार ढिली, फडफडणारी वाटू नये म्हणून अनेक कारागीर ३५ इंच सुचवतात ते याच कारणासाठी. कॅनडातील सास्काटूनचे शेल्डन डिंगवॉल तर फ्रेट पंख्याच्या काड्यांसारखे तिरपे बसवून सर्वांत जाड तारेला ३७ आणि सर्वांत बारीक तारेला ३४ इंच लांबी देतात. परंतु लांबी वाढली की पहिल्या फ्रेटपर्यंत डावा हात अधिक ताणावा लागतो आणि आपला डावा खांदा आधीच तक्रार करतो आहे. न्यूयॉर्कचे कारागीर सॅडोस्की यांचे पाच तारांचे बेस ३४ इंचांचेच असतात आणि त्यांच्या पाचव्या तारेला कोणी ढिली म्हणत नाही. कारण नेक ताठ आणि जोड घट्ट असला की त्या एका इंचाची उणीव बरीचशी भरून निघते. आपण ३४ इंचच घ्यावे.

आता वजन. तीन तासांच्या कार्यक्रमात अर्ध्या किलोचा फरक किती मोठा असतो, ते मला अनुभवाने ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कारागिराकडून लहरदार मेपलच्या थराचा देखणा बेस बनवून घेतला, परंतु वजनाविषयी एक अक्षरही लिहून दिले नाही. तो ५ किलोच्या वर भरला. घरी येणारे पाहुणे त्याचे कौतुक करत आणि मी कार्यक्रमाला जुनाच बेस घेऊन जात असे. शेवटी तो तोट्यात विकला. आपण करारात ‘तारा आणि बॅटरीसह कमाल ३.८ किलो’ असे लिहून घ्यावे. यासाठी हलके अल्डर किंवा हलके ॲश निवडता येते, बॉडीच्या आत पोकळ्या ठेवता येतात. पाच खुंट्यांमुळे नेकचे टोक जड होऊन खाली झुकते. मग डावा हात स्वर दाबण्याबरोबर नेक उचलून धरण्याचेही काम करतो, आणि खांदेदुखीचे मूळ पुष्कळदा तेच असते. म्हणून ॲल्युमिनियमच्या हलक्या खुंट्या मागाव्यात आणि बॉडीचे वरचे शिंग साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत पुढे आलेले असावे. पट्टा लावून दोन्ही हात सोडले असता नेक आडवी किंवा किंचित वर राहिली पाहिजे. टोकच नसलेला, खुंट्या ब्रिजकडे (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या घोडीकडे) असलेला बेस हा आणखी एक उपाय आहे. नेड स्टाइनबर्गर यांनी तो साधारण १९८० च्या सुमारास कार्बन तंतूंच्या मिश्रणातून घडवला. दिसायला तो वल्ह्यासारखा असतो, पण आपल्या खांद्याला त्याचे काही वाटणार नाही.

तारांमधील अंतराकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि पस्तावतात तेही याच बाबतीत. ब्रिजपाशी चार तारांच्या बेसवर हे अंतर सामान्यतः १९ मिलिमीटर असते. पाच तारांच्या बेसवर ते १६.५ पासून १९ पर्यंत कितीही असू शकते. जॅझ बेसच्या ३८ मिलिमीटर रुंदीच्या नटची (नेकच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची) अठरा वर्षे सवय असलेल्या हाताला पाच तारांची रुंद नेक अवघडच वाटणार, म्हणून नट ४५ आणि ब्रिजपाशी १८ मिलिमीटर अशी तडजोड मला योग्य वाटते. परंतु माझ्या शब्दावर जाऊ नये. कोणाचा तरी पाच तारांचा बेस आठ दिवस मागून आणावा, फूटपट्टीने मोजावा आणि मग ठरवावे. न्यूयॉर्कचे बेसवादक अँथनी जॅक्सन यांच्यासाठी १९७५ मध्ये कारागीर कार्ल थॉम्सन यांनी सहा तारांचा बेस घडवला. खालच्या स्वरांची निकड असल्यामुळे जॅक्सन यांनी हट्टाने करून घेतलेले ते वाद्य होते. तरीही त्यावरील तारा फार जवळजवळ आहेत हे त्यांना ते वाजवल्यावरच कळले, आणि पुढची वाद्ये त्यांनी अधिक रुंद करवून घेतली. आपल्याला दुसऱ्यांदा करवून घेण्याची सवड नसल्यामुळे ही चूक उसन्या वाद्यावर करून घ्यावी.

पिकअपविषयी, म्हणजे तारेची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाविषयी, एकच उदाहरण देतो. फेंडर कंपनीने १९७० च्या दशकातील जॅझ बेसमध्ये मागचा पिकअप ब्रिजकडे सुमारे १० मिलिमीटर सरकवला. तेवढ्याने आवाज इतका बदलला की आजही वादक ‘साठीची जागा’ आणि ‘सत्तरीची जागा’ असे वेगवेगळे मागतात. बॉडीवर कोणत्या लाकडाचा पातळ थर चिकटवला आहे याने एवढा फरक पडलेला मी ऐकलेला नाही. बेसवादक मार्कस मिलर यांच्या ज्या आवाजामागे निम्मे जग धावले, तो १९७७ च्या एका साध्या फेंडर जॅझ बेसचा आहे. रॉजर सॅडोस्की यांनी त्यात प्रीअँप (पिकअपचा संकेत वाढवणारे, बॅटरीवरचे छोटे सर्किट) बसवला आणि बाकी वाद्य नीट सुधारून दिले, एवढेच. सागवानी कपाटासारखे दिसणारे, थरावर थर चढवलेले बेस हाच उंची बेस, ही समजूत मुख्यतः अलेंबिक या अमेरिकन कंपनीच्या १९७० च्या दशकातील वाद्यांमुळे रुजली. ती वाद्ये अप्रतिम होती, परंतु त्यांची खरी कमाई आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये होती आणि नकला झाल्या त्या बाहेरच्या लाकडाच्या.

आपण ऑर्केस्ट्रात वाजवता, म्हणजे रंगमंचावर दिव्यांचे डिमर आणि भरवशाचे नसलेले अर्थिंग यांच्याशी गाठ आहे. साध्या एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये त्यांची घरघर शिरते. आपली वीज ५० कंपनांची असल्यामुळे ती घरघर काळी चारच्या खर्जाच्या किंचित खाली येते, म्हणजे गायिकेच्या षड्जाशेजारीच. तेव्हा घरघर रद्द करणारे, दुहेरी वेटोळ्याचे पिकअप घ्यावेत. प्रीअँप हवा असेल तर तो पूर्ण बंद करून वाजवता येईल असा खटका मागावा, कारण ९ व्होल्टची बॅटरी संपते ती नेहमी मध्यंतरानंतरच.

लाकडाची निवड खऱ्या अर्थाने महत्त्वाची ठरते ती नेकच्या बाबतीत. बेसच्या तारांचा एकत्रित ताण मोठा असतो आणि नेक स्वतःही कंप पावते. एखाद्या स्वराची कंपनसंख्या नेकच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली, की तारेतली ऊर्जा नेक शोषून घेते आणि तो स्वर वाजताच विझतो. फेंडर पद्धतीच्या बेसवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान अशी मुकी जागा पुष्कळदा सापडते. महागड्या बेसची परीक्षा येथेच करावी : चौथ्या फ्रेटपासून नवव्यापर्यंत प्रत्येक स्वर सारख्या जोराने छेडून तो किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून पाहावे. ताठ नेक ही मुकी जागा गाण्यात क्वचित लागणाऱ्या स्वराकडे ढकलते. त्यासाठी उभ्या पट्ट्या जोडून केलेली मेपलची नेक, आत कार्बनच्या दोन पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना वळवता येणारा ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) मागावा. भट्टीत भाजलेले मेपल ओलावा कमी शोषते, ठाण्याच्या जुलैमध्ये त्याचा उपयोग होईल. नेक बॉडीला बोल्टने जोडलेली असावी, म्हणजे पुढे कधी वाकली तर ती काढून दुरुस्त करता येते; बॉडीतून आरपार जाणाऱ्या नेकला ही सोय नसते. फिंगरबोर्डला एबनीच हवे असे नाही. जगभरच्या गिटारींवर जे ‘इंडियन रोझवुड’ मिरवते ते आपलेच शिसवी लाकूड आहे.

आता काम कोणाकडे द्यावे. ब्रुकलिनच्या फोडेरा या नामांकित कारखान्याचा मागणीनुसार घडवलेला बेस लहानशा चारचाकीच्या किमतीला जातो, म्हणजे तो आपल्या रकमेत बसत नाही. इतर परदेशी कारखान्यांतून मागवल्यास सीमाशुल्क नुसत्या वाद्याच्या किमतीवर लागत नाही, तर किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर लागते आणि त्या शुल्कासह होणाऱ्या रकमेवर पुन्हा जीएसटी बसतो. विजेवरची गिटार सीमाशुल्काच्या दरसूचीत ९२०७ या शीर्षकाखाली येते, तेव्हा त्या दिवसाचे दर सीमाशुल्क दलालाकडून लेखी घ्यावेत. आपल्याकडील कारागिराचा मोठा फायदा हा, की नेकला आकार देताना आपण तेथे जाऊन ती हातात धरू शकता. मात्र नवे वाद्य पाहून त्याची पारख करू नये. त्याने पाच वर्षांपूर्वी केलेले तीन बेस कोणाकडे आहेत ते विचारून, शक्य तर पावसाळ्यात, प्रत्यक्ष पाहावेत. बाराव्या फ्रेटपाशी तारा साधारण २ मिलिमीटर उंच ठेवूनही कोठे खडखडाट होत नसेल, नेक सरळ असेल आणि ट्रस रॉडला अजून फिरण्यास जागा असेल, तर अर्ध्या किमतीत काम त्यालाच द्यावे. वजन, स्केल, नटची रुंदी, तारांचे अंतर, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी नेकची जाडी, पिकअपची ब्रिजपासूनची जागा आणि मापे न जुळल्यास काय, हे सारे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कागदावर असावे. उरलेल्या पैशांत चांगला अँप्लिफायर येईल. आणि लहरदार मेपल मनात बसलेच असेल तर तेही घ्यावे; फक्त ते करारातील शेवटची ओळ असावी.

प्रश्न (सांगली) : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून महाविद्यालयाच्या बँडमध्ये बेस वाजवतो. मिरज इतके जवळ असताना तेथील तंतुवाद्यांच्या कारागिरांकडून उत्तम बेस बनवून घेता येईल का?

उत्तर : कल्पना मोहक आहे, पण सतार आणि बेस यांच्या फ्रेटचा स्वभाव वेगळा आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर किंचित बेसूर वाटला तर वादक पडदा सरकवतो. बेसचे फ्रेट खाचेत ठोकलेले असतात, त्यामुळे त्यांच्या जागा आधीच गणिताने अचूक काढाव्या लागतात. ३४ इंचांच्या, म्हणजे ८६३.६ मिलिमीटरच्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून ४८.४७ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर ४३१.८ वर येतो. तेथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही जाणकार कानाला कळते आणि ती नंतर सुधारता येत नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढणारा हात अत्यंत सूक्ष्म असतो यात शंका नाही. परंतु तारेने पृष्ठभागाला हळुवार स्पर्श करून गुंजत राहावे हे तेथे साध्य असते, आणि बेसवर नेमका तोच गुंजारव टाळण्यासाठी फ्रेट समपातळीत घासावे लागतात. ज्या कारागिराने ट्रस रॉड बसवून निदान काही विजेच्या गिटारी केल्या आहेत, त्याच्याकडेच जावे, मग तो मिरजेचा असो वा आणखी कुठला.

खरे तर या वयात तुम्हाला मागणीनुसार घडवलेल्या वाद्याची गरज नाही. आहे त्या बेसला नव्या तारा लावून, फ्रेट समपातळीत करून, नेकचा बाक आणि तारांची उंची एखाद्या जाणकाराकडून नीट बसवून घ्या. बहुतेक स्वस्त बेस एवढ्यानेच ओळखू न येण्याइतके सुधारतात.

प्रश्न (टोरंटो) : जूनमध्ये मुंबईच्या एका कारागिराकडून हाताने घडवलेला बेस घेऊन आले. जानेवारीत नेकच्या दोन्ही कडांना फ्रेटची टोके बोचू लागली आणि तारा फ्रेटला लागून खडखडू लागल्या. कारागिराने ओले लाकूड वापरून फसवले का? फिंगरबोर्ड शिसवी असल्यामुळे पुन्हा भारतात नेताना काही परवाना लागेल का?

उत्तर : एवढ्यावरून फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. टोरंटोच्या हिवाळ्यात बंद घरात हीटर चालू असताना ती २० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरते. लाकूड सुकून रुंदीत आकसते, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून टोके बाहेर येतात. त्याच सुकण्याने नेकचा पुढचा बाक कमी होऊन ती सरळ किंवा किंचित मागे झुकते आणि तारा फ्रेटला टेकतात. बेस केसमध्ये आर्द्रक ठेवून तीन-चार आठवडे ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत राहू द्यावा. नंतरही खडखडाट राहिल्यास ट्रस रॉड एका वेळी अष्टमांश फेरा ढिला करावा आणि मध्ये एक दिवस थांबावे. टोके तरीही बोचत असतील तर ती कानशीने घासून घ्यावीत, पण ती भर हिवाळ्यात घासून घेणे चांगले, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बोचत नाहीत. लाकूड खरोखर ओले असते तर नेक बहुधा पिळवटली असती, म्हणजे एका बाजूच्या तारा उंच आणि दुसऱ्या बाजूच्या खाली आल्या असत्या. तसे दिसल्यास मात्र कारागिराशी जरूर बोलावे.

परवान्याविषयी : भारतीय शिसवासह डालबर्जिया प्रजातीतील (ब्राझिली शिसव सोडून) सर्व झाडे २ जानेवारी २०१७ पासून सायटीस या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि त्यामुळे काही काळ वादकांचे फार हाल झाले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झालेल्या बदलाने तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना यातून सूट मिळाली, त्यामुळे भारतीय शिसवी फिंगरबोर्डचा आपला स्वतःचा बेस सोबत नेण्यास सायटीसचा परवाना लागत नाही. ही सूट ब्राझिली शिसवाला नाही; ते १९९२ पासून पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे. म्हणून कारागिराच्या पावतीवर लाकडाचे नाव ‘डालबर्जिया लॅटिफोलिया’ असे लिहून मागवावे आणि ती पावती केसमध्येच ठेवावी.